पाच अंश कमी, पण कशापेक्षा?

पत्र्याच्या किंवा ताडपत्रीच्या तात्पुरत्या घरांत विजेशिवाय थंडावा कसा आणायचा, हा विषय घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये एक फोटो हमखास असतो. झोपडीच्या खिडकीत बसवलेला एक बोर्ड, त्यात ओळीने भोकं, आणि प्रत्येक भोकात अर्धी कापलेली प्लास्टिकची बाटली. रुंद बाजू बाहेर, मान आत. हा 'इको-कूलर'. बांगलादेशातल्या 'ग्रे ढाका' या जाहिरात कंपनीने त्याचा व्हिडिओ केला आणि 2016 साली तो जगभर फिरला. दावा असा की वीज न वापरता झोपडीतलं तापमान 5 अंश सेल्सिअसपर्यंत खाली येतं. कल्पना साधी, साहित्य फुकट, आराखडा सगळ्यांना खुला. हेतूबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती आपण संशोधनाची तयारी करणारी माणसं तो आकडा जसाच्या तसा उचलतो याबद्दल.

आधी कारण बघू. तोंड उघडं ठेवून हातावर फुंकलं तर हवा गरम लागते, ओठ आवळून फुंकलं तर गार. बाटलीत तेच होतं म्हणे: हवा अरुंद मानेतून जाते, दाबली जाते, पसरते आणि थंड होते. ऐकायला पटतं. पण ओठ आवळल्यावर बाहेर पडणारा श्वास थंड झालेला नसतो. तो बारीक आणि वेगवान झोत आजूबाजूची हवा सोबत ओढत नेतो, म्हणून हाताला लागते ती बहुतांश खोलीतली हवा. खोली 28 अंशांची म्हणून ती गार वाटते. हाच प्रयोग 42 अंशांच्या दुपारी अकोल्यात करून बघा.

आता गणित, आणि हे गणित अकरावीच्या पुढचं नाही. वारा सेकंदाला 5 मीटर वेगाने येतोय असं धरा. तो थांबवला तर मिळणारा दाब साधारण 15 पास्कल. वातावरणाचा दाब एक लाख पास्कल, त्यापुढे हे काहीच नाही. कुणी म्हणेल, मान दहापट अरुंद आहे, म्हणजे वेग दहापट होईल. होत नाही. वारा म्हणजे पिचकारीचा दट्ट्या नव्हे. वाट अरुंद दिसली की तो झोपडीला वळसा घालून निघून जातो. 15 पास्कलचा दाब मानेतल्या हवेला फार तर पाच-सहा मीटरच्या आसपास वेग देऊ शकतो. आणि 5 मीटर वेग मिळवताना हवेचं तापमान किती उतरतं? वेगाचा वर्ग भागिले दोन गुणिले विशिष्ट उष्मा (1005): म्हणजे 0.01 अंशापेक्षा जरासं जास्त. 5 अंश उतरवायचे तर सेकंदाला 100 मीटर वेग हवा, म्हणजे ताशी 360 किलोमीटर. तेव्हा झोपडीच जागेवर नसेल. शिवाय तो झोत खोलीत मंदावला की उतरलेलं तापमान परत चढतं.

इथपर्यंतची टीका इंटरनेटवर बऱ्याच जणांनी केली आहे आणि बरेच जण इथेच थांबून हसतात. मला वाटतं, खरी गंमत इथून पुढे आहे. कारण चुकीचं असलं म्हणून मोजलेला आकडा खोटा ठरत नाही.

उन्हात बंद पडलेली पत्र्याची खोली बाहेरच्या हवेपेक्षा सहज काही अंश जास्त तापते. तिच्या भिंतीत भोक पाडलं, मग ते बाटलीचं असो, विटेएवढं असो की नुसता पत्रा वाकवून केलेलं, तर बाहेरची हवा आत येणार आणि आतलं तापमान बाहेरच्या दिशेने सरकणार. 5 अंशांचा फरक असा मिळू शकतो. पण त्याचं श्रेय भोकाला. बाटलीने उलट भोक लहान केलं: सात सेंटिमीटर व्यासाची बाटली आणि सुमारे दोन सेंटिमीटरची मान, म्हणजे मोकळी जागा दहाव्या हिश्श्यावर आली.

म्हणून अशा प्रयोगात बंद झोपडी विरुद्ध बाटलीवाली झोपडी ही तुलना अपुरी आहे. तिसरी झोपडी हवी, नुसत्या उघड्या खिडकीची. तिन्ही एकाच दिशेला, एकाच दिवशी. हा तिसरा कंट्रोल नसलेले शोधनिबंधही मी वाचले आहेत, तेव्हा नुसत्या जाहिरातवाल्यांना नावं ठेवून चालणार नाही.

दुसरा प्रश्न: तापमान कशाचं? हवेचं मोजलं तर पत्र्याच्या खोलीतला मुख्य त्रास मोजायचा राहूनच जातो. गंजका पत्रा दुपारी 65 अंशांवर गेला आणि आपली कातडी 35 धरली, तर पत्र्याकडे तोंड असलेल्या दर चौरस मीटरला रेडिएशनने साधारण 200 वॅट उष्णता येते. शांत बसलेला माणूस स्वतः 100 वॅटच्या आसपास तयार करतो. म्हणजे डोक्यावर शेगडी आहे, आणि आपण हवेचा अर्धा अंश इकडे की तिकडे यावर वाद घालतोय. टेबल टेनिसच्या चेंडूला काळा मॅट रंग देऊन आत सेन्सर बसवा आणि शेजारी साधा सेन्सर सावलीत टांगा. दोघांतला फरक बघितलात की खिडकीचा विषय थोडा वेळ बाजूला ठेवून तुम्ही वर छताकडे बघाल.

छतावर चुन्याचा पांढरा हात, किंवा पत्र्याच्या वर वीतभर अंतर सोडून दुसरी सावली, म्हणजे शेडनेट, पाचट, जुनी ताडपत्री, जे असेल ते. ऊन वरच्या थरावर पडतं, मधल्या फटीतून वारा उष्णता घेऊन जातो, खालचा पत्रा हवेच्या तापमानाजवळ राहतो. यात व्हिडिओ करण्यासारखं काही नाही, हे मान्य. पाण्याने थंडावा हा वेगळा मार्ग, पण तो जागेवर अवलंबून. विदर्भात 42 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असताना ओलं बारदान हवेला जास्तीत जास्त 24 अंशांपर्यंत खेचू शकतं. ढाक्यात किंवा आपल्या कोकणात 34 अंश आणि 70 टक्के असताना ती मर्यादा 29 अंशांवर येते, आणि आतली घुसमट वाढते ती वेगळीच.

बाटल्यांच्या बोर्डाबद्दल एक गोष्ट मात्र मला अजून तपासण्याजोगी वाटते. बांधकामावरच्या लेबर कॅम्पात पत्र्याच्या खोल्यांना खिडक्या असतात, पण डास, चोरी आणि बायकांना नकोशा नजरा यांमुळे रात्री त्या बंद होतात. आपल्या सिम्युलेशनमध्ये त्या चोवीस तास उघड्या असतात. बाटल्यांच्या बोर्डातून आतलं दिसत नाही, हात आत घालता येत नाही, आणि थोडी तरी हवा येते. बंद खिडकीपेक्षा तो रात्री बरा ठरेल का? मानेला जाळी लावली तर? त्यासाठी झोपडीत सेन्सर लावण्याबरोबरच खिडकी किती वाजता बंद होते आणि कोण करतं, याचीही नोंद ठेवावी लागेल.