बर्फाच्या लाद्या आणि संशोधन केंद्राची मान्यता

जीवशास्त्रात पीएच.डी. केंद्र सुरू करू पाहणाऱ्या महाविद्यालयांत 'साधने नसली तरी चालेल, जिद्द हवी' हे वाक्य नेहमी ऐकू येते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील जीवरसायनशास्त्र विभागाचा प्रारंभ या वाक्याला पुरावा वाटावा असा आहे. २००९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी व्यंकटरामन रामकृष्णन यांनी आपल्या आत्मपर टिपणात तो सांगितला आहे. त्यांचे वडील प्रा. सी. व्ही. रामकृष्णन १९५५ च्या सुमारास विभाग उभारण्यास आले तेव्हा उपकरणे जवळजवळ नव्हती. बर्फाच्या लाद्या विकत आणून त्यांच्या गारव्यात ते सेंट्रिफ्यूज चालवीत.

हे वर्णन हृद्य आहे. पण त्यातून केवळ जिद्दीचा बोध घेणे अपुरे ठरते. विकर हे प्रथिन असून उष्णतेने त्याची रचना बिघडते व क्रियाशीलता नष्ट होते. म्हणजे बर्फ हा सुविधेच्या अनावश्यकतेचा नव्हे, तर अनिवार्यतेचा पुरावा होय. शिवाय प्रा. रामकृष्णन अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात संशोधन करून आले होते. आपल्याकडे काय नाही, हे त्यांना नेमके ठाऊक होते. नवख्या संशोधकाला मात्र निष्कर्ष चुकला की नमुनाच खराब झाला, हे उमगत नाही. टिपण मुलाने लिहिलेले असल्याने विद्यार्थ्यांची बाजू त्यातून कळत नाही, ही त्याची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार अटी पूर्ण करणाऱ्या पदव्युत्तर महाविद्यालयांना पीएच.डी. अभ्यासक्रम चालविता येतो. प्राध्यापकास ८, सहयोगी प्राध्यापकास ६ व सहायक प्राध्यापकास ४ विद्यार्थी, ही मर्यादा स्पष्ट आहे. 'आवश्यक पायाभूत सुविधा' म्हणजे काय, हे मात्र विषयवार स्पष्ट नाही. २०१६ च्या विनियमांतील शोधनिबंधाची सक्तीही आता उरलेली नाही. त्यामुळे प्रयोगशाळेची पारख करण्याची जबाबदारी मार्गदर्शकावरच येते.

तेव्हा नोंदणीपूर्वी काही प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. उणे ८० अंशांच्या डीप फ्रीझरला जनरेटरची जोड आहे काय? रसायनांसाठी दरवर्षी तरतूद आहे काय? प्रयोगशाळा सहायकाचे पद भरलेले आहे काय? मोठ्या उपकरणांसाठी जवळच्या विद्यापीठाशी लेखी करार आहे काय? उत्तरे नकारार्थी असतील तर विषय बदलावा. तलावातील प्लवक, परागकण, परिसरातील वनस्पती यांचा अभ्यास चांगल्या सूक्ष्मदर्शकावर व काटेकोर नोंदींवर भक्कम उभा राहतो. विद्यार्थ्याची किमान ३ आणि कमाल ६ वर्षे पणाला लागलेली असतात, याचे भान विषय देतानाच ठेवले पाहिजे.