सहलीत कोण नव्हतं?

आमच्या भिशीत दोन वर्षांपूर्वी एक चांगली पद्धत सुरू झाली. पैसे गोळा झाले, चिठ्ठी निघाली की चहा यायच्या आत एकीनं काहीतरी वाचून दाखवायचं आणि बाकीच्यांनी त्यावर मोकळेपणानं बोलायचं. गेल्या मे महिन्यात विषय ठरला सहल. सुट्टीचे दिवस, पोरंबाळं घरात, तेव्हा हलकाफुलका विषय बरा. लेख निवडायचं काम माझ्याकडं आलं. मी कपाटातले जुने दिवाळी अंक काढले, समाजाच्या स्मरणिका काढल्या, मैत्रिणींनी आपापल्या वह्या आणून दिल्या. बघता बघता चौदा लेख जमले. आंबोली, गोकाक, तिलारी, राजहंसगड, राकसकोपचं धरण. सगळं आमच्या बेळगावच्या आसपासचं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं.

दोन दुपारी घालवून सगळे वाचले आणि ध्यानात आलं, हे चौदा लेख नाहीतच. एकच लेख चौदा जणांनी लिहिलाय. पहाटे उठलो. गाडी निघाली. गाण्यांच्या भेंड्या झाल्या. निसर्गाचं विलोभनीय दृश्य पाहून भान हरपलं. मग घरून आणलेल्या डब्यावर ताव मारला. शेवटी जड पावलांनी परत फिरलो आणि ती सहल कायमची स्मरणात राहिली. शाळेत ‘आमची सहल’ हा निबंध लिहिताना बाईंनी जो साचा हातात दिला, तो पन्नाशीतही आपल्या हातून सुटत नाही. त्या साच्यात आंबोली घाला नाहीतर तिलारी घाला, वडी एकाच आकाराची पडते.

पण माझी गाडी अडली ती डब्याच्या वाक्याशी. ‘घरून आणलेल्या डब्यावर ताव मारला.’ चौदापैकी अकरा लेखांत हे वाक्य थोड्याफार फरकानं आहे आणि त्या अकरांतले नऊ लेख बायकांचे आहेत. आता बघा, डबा काय आपला आपण भरून गाडीत येऊन बसतो? जिनं पहाटे चारला उठून दशम्या भाजल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, भातात दूध जास्त आणि विरजण चमचाभर घातलं, म्हणजे दुपारपर्यंत दहीभात आंबणार नाही, पाणी गाळून कॅन भरला, तीच बाई लिहायला बसली की डब्याला नुसतं ‘आणलेला’ म्हणते. कुणी केला, कधी केला, सगळं पुसून टाकते. जणू काही स्वयंपाकघराचा वास लागला तर लेखाचं साहित्य होणार नाही!

मला वाटतं, ही भीती आपल्याला मोठ्या प्रवासवर्णनांकडून आली. मराठीत प्रवास म्हटला की लांबचाच. पु. ल. देशपांड्यांचं ‘अपूर्वाई’ १९६० सालचं. विलायतेचा तो प्रवास आजही वाचताना चेहऱ्यावर हसू येतं. मीना प्रभूंच्या ‘माझं लंडन’नं तर माझ्या पिढीच्या कितीतरी बायकांना दाखवून दिलं की प्रवास बाईनंही आपल्या डोळ्यांनी करायचा असतो आणि आपल्या नावानं लिहायचा असतो. दोघांनाही नमस्कार. पण परक्या देशात गेलेल्या माणसाचं नवल वेगळं. तिथं रस्ता नवा, भाषा नवी, आपण स्वतःच तिथं नवे. गोकाकला आपण नवे नसतो. तिथलं सगळं आधी चार वेळा पाहिलेलं असतं. मग लंडनचा सूर गोकाकला लावला की तो खोटा वाजतो. ओळखीच्या जागेवर भान हरपत नाही बायांनो, भान येतं. आणि कसलं भान आलं, तेच नेमकं लिहायचं राहून जातं.

याच्या उलट उदाहरण हवं तर इरावती कर्व्यांच्या ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा लेख काढून वाचा. पुस्तक १९४९ सालचं. बाई दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या. लेखात वाट आहे, पाऊस आहे, भजन आहे, आणि त्याबरोबर कुणाचं जेवण कुणाबरोबर शिजतं हेही आहे. एकाच दिंडीत ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी, हे त्यांनी पाहिलं, त्याचं त्यांना वाईट वाटलं आणि त्यांनी ते लिहिलं. जेवणाची गोष्ट काढून टाकली असती, तर तो लेख भक्तीचं एक सुंदर वर्णन झाला असता. पण खरी गोष्ट हातातून सुटली असती.

आता कुणी म्हणेल, प्रत्येक लेखात का पोळ्या लाटत बसायचं? नाही, तसं माझं म्हणणं नाही. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मध्ये डबा नाही, आणि तिथं तो आठवतही नाही, कारण तिथं बारा महिन्यांचा निसर्ग हाच विषय आहे. पण ज्या लेखाचं नाव ‘आमची कौटुंबिक सहल’ आहे, त्यात कुटुंब तरी दिसायला नको का?

आमच्या जैन समाजाच्या स्मरणिकांबद्दलही एक बोलते, रागावू नका. आमच्यात बायकांनी ‘फिरायला जाऊ’ म्हणायची पद्धत नव्हती. ‘दर्शनाला जाऊन येऊ’ म्हणायचं. स्तवनिधीला जायचं, कुंभोजला बाहुबलीला जायचं. बाहुबलीची अठ्ठावीस फुटी मूर्ती १९६३ साली उभी राहिली. माझ्या लहानपणी ती नवीनच म्हणायची. दर्शन मनापासून व्हायचं, यात काही शंका नाही. पण येताना उसाचा रस व्हायचा, बांगड्या भरून व्हायच्या, मागच्या सीटवर जावा-जावांच्या मनातलं बोलून व्हायचं. घरात जिचा आवाज कधी ऐकला नाही, ती काकू गाडीत खो खो हसताना मी पाहिली आहे. स्मरणिकेत मात्र अभिषेक किती वाजता झाला आणि बोली कुणी घेतली एवढंच छापून येतं. काकूचं हसणं कुठल्याच पानावर नाही. पुण्य लिहायचं आणि सुख लपवायचं, असं का? त्या दिवशी तिला दोन्ही मिळालं होतं.

इथपर्यंत मी भिशीत मोठ्या ऐटीत बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी आले आणि त्याच जोरावर माझाच एक जुना लेख काढला. गोकाकच्या धबधब्यावरचा, वीस वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात आलेला. म्हटलं, लेकीला दाखवू, आई कसं वेगळं लिहीत होती. घटप्रभा नदी, सुमारे एकशे सत्तर फुटांवरून पडणारं पाणी, झुलता पूल, खालून वर येणारे तुषार, सगळं होतं. डबासुद्धा होता. मी केलेल्या धपाट्यांचं चांगलं पाच ओळींचं वर्णन होतं. लेकीनं वाचलं, कागद खाली ठेवला आणि विचारलं, “आई, ह्यात आज्जी कुठाय?”

आज्जी म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्ती म्हणते. मी सहज म्हणाले, “अगं, आत्ती कुठं यायच्या? त्यांना जमत नव्हतं.”

“जमत नव्हतं की नेलं नाही?”

मी आठवू लागले. गोकाकला तीन वेळा गेलो, आंबोलीला दर पावसाळ्यात, तिलारीला दोनदा. आत्ती एकदाही नव्हत्या. त्यांचं रात्रीचं जेवण नाही, बाहेरचं पाणी नाही, चातुर्मासात तर कितीतरी नियम जास्तीचे. शिवाय संध्याकाळचा दूधवाला, कुलूप, तुळशीला पाणी. आम्ही निघताना त्या दारात उभ्या राहायच्या, “सावकाश जावा” म्हणायच्या. आणि आम्ही परत यायच्या वेळेला चहाचं आधण चढवलेलं असायचं. नऊ बायकांनी डबा पुसला म्हणून मी दोष काढत बसले होते. मी तर माणूसच पुसून टाकलं होतं, तेही इतकं सहज की वीस वर्षं मलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेंगा सोलता सोलता मी विषय काढला. “आत्ती, तुम्हाला कधी गोकाकला यावंसं नाही वाटलं?”

त्या हात न थांबवता म्हणाल्या, “इचारलं कुणी?”

“पण तुमचं जेवणाचं, पाण्याचं...”

“माझं जेवण सूर्य बुडायच्या आत व्हायला पाहिजे, एवढंच की. धबधबा काय रात्री बघतात होय गं?”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हे जास्त लागलं. त्यांचे नियम त्यांना जड नव्हते, अडचण आमची होती. दिवसाउजेडी परतायचं म्हणजे आम्हाला तासभर आधी निघायला लागलं असतं, बस्स. तो तास आम्ही वाचवला आणि त्याला त्यांच्या धर्माचं नाव दिलं.

आता त्या ब्याऐंशीच्या आहेत. गुडघे गेलेत, दीड तास गाडीत बसवत नाही. गोकाक राहिलं ते राहिलंच. पण पुढच्या रविवारी आम्ही सकाळचं दूध घेऊन झाल्यावर निघालो आणि किल्ल्यातल्या कमल बस्तीला गेलो. आमच्या घरापासून वीस मिनिटं. रट्ट राजा कार्तवीर्य चौथा याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्यानं १२०४ साली बांधलेली ही बस्ती. मंडपाच्या छतातून खाली उमललेलं दगडी कमळ, त्यावरूनच हे नाव. बेळगावात जन्म गेला तरी आम्ही तिथं पाहुणे आले की त्यांना दाखवायलाच जातो.

नेमिनाथांचं दर्शन झालं. कमळ मात्र आत्तींना दिसेना, कारण मान वर होत नव्हती. लेकीनं मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू केला आणि आरसा धरावा तसा तो त्यांच्या ओंजळीत ठेवला. आत्तींनी मान खाली घालून छत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “लग्न झालं त्या वर्षी मामंजींनी आणलं होतं आम्हाला. तवा मान वर करून बघायची लाज वाटायची.” बाहेर येऊन झाडाखाली बसून दशम्या खाल्ल्या. त्या दिवशी चटणी त्यांनी कुटलेली होती, ती माझ्यापेक्षा चांगली होते. चार वाजायच्या आत घरी होतो.

हा संग्रह जुळवताना गोकाकचा तो लेख घ्यायचा की नाही, यावर बरेच दिवस अडले होते. मैत्रिणी म्हणाल्या, घे, भाषा छान आहे. लेक म्हणाली, आज्जीचा एक परिच्छेद वाढवून घाल. पण ज्या दिवशी ती तिथं नव्हती, त्या दिवशी मी तिला आता कागदावर कशी नेऊन बसवू? तेही खोटंच झालं असतं. म्हणून तो लेख घेतला नाही. त्याच्या जागी हा घातला आहे.