'सापडला नाही' या वाक्याची तपासणी

लॅपटॉपवर लिनक्स बसवले आणि वाय-फाय चालेना, ही तक्रार जुनीच आहे. आम्हांला येथे त्या तक्रारीविषयी जे लिहिले जाते त्याचा विचार करायचा आहे. पडद्यावर उमटणारा संदेश, संगणकाच्या आतली नोंदवही आणि हातोहाती फिरणारी उपायांची टिपणे, हे तिन्ही मजकूर शिक्षकाने पाठ्यपुस्तकाइतकेच बारकाईने वाचावेत असे आहेत.

समजा, बीड जिल्ह्यातील तलवाड्याच्या एखाद्या शिक्षकाने जुन्या लॅपटॉपवर डेबियन किंवा उबुंटू बसवले. वाय-फायचे चिन्ह दिसत नाही. ग्नोम डेस्कटॉपची सेटिंग्ज उघडली, तर वाय-फाय अडॅप्टर सापडला नाही, तो जोडलेला आणि चालू आहे ना ते पाहा, अशा अर्थाचा मजकूर समोर येतो. वाक्य सुटसुटीत आहे, पण अनेकदा ते चुकीचे असते. अडॅप्टर लॅपटॉपच्या पोटातच बसवलेला असतो. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली की तो कंपनीच्या नावासकट यादीत दिसतो. म्हणजे संगणकाला चिप दिसते आहे. नसते ते दुसरेच काही : तिला चालवणारा ड्रायव्हर तरी नसतो, किंवा ड्रायव्हर असतो पण त्याने चिपमध्ये भरायचे फर्मवेअर डिस्कवर नसते. हे दोन दोष वेगळे, त्यांचे उपायही वेगळे. संदेशाने दोघांना एकाच वाक्यात कोंबले आणि वर वाचणाऱ्याला प्लग तपासायला पाठवले.

आता याच प्रसंगी कर्नलची नोंदवही काय म्हणते ते पाहू. 'डीमेसेज' या आज्ञेने ती वाचता येते. ती रूक्ष आहे, इंग्रजीत आहे. पण मजकूर म्हणून आम्हांला ती कितीतरी सरस वाटते. इंटेलच्या चिपचा ड्रायव्हर योग्य फर्मवेअर मिळाले नाही असे सांगून थांबत नाही. किमान कोणती आवृत्ती लागेल, कमाल कोणती चालेल आणि ती कोठे मिळेल, हेही तो लिहितो. दोषाचे वर्णन असे असावे.

तरी नोंदवहीतही एक खाचखळगा आहे आणि टिपणे लिहिणारे नेमके त्यातच पाय घालतात. फर्मवेअरची फाइल उघडता आली नाही की तेथे 'त्रुटी उणे 2' असे उमटते. उणे 2 म्हणजे अशी फाइलच नाही. पुष्कळ टिपणांत ही ओळ दिसली की दोष सापडला असे गृहीत धरतात. वस्तुतः हा ड्रायव्हर आधी सर्वांत नवी आवृत्ती मागतो, ती नसली की एकेक पायरी खाली उतरतो. त्यामुळे व्यवस्थित चालणाऱ्या लॅपटॉपवरही उणे 2 च्या दोनचार ओळी सापडू शकतात. शेवटी फर्मवेअर भरले गेल्याची ओळ आहे की नाही, हे पाहायचे असते. एक ओळ उचलून निदान करणे म्हणजे खोकला ऐकून क्षय ठरवण्यासारखे आहे.

टिपणांवरचा आमचा मुख्य आक्षेप याहून मोठा आहे. बारावीच्या प्रयोगशाळेत क्षारपरीक्षण करताना विद्यार्थी गटवार जातो : आधी विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, मग पुढचा अभिकर्मक. साका आला तर काय आणि नाही आला तर काय, हे त्याला आधी माहीत असते. सगळ्या बाटल्या एकदम ओतल्या तर रंग पुष्कळ दिसतील, कळणार काहीच नाही. वाय-फायची टिपणे बहुधा या दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली असतात. आठ-दहा आज्ञा एकाखाली एक, त्या तशाच उतरवा, संगणक पुन्हा सुरू करा. तलवाड्याची देवी त्वरिता खरी, पण उपायांची ही त्वरा कामाची नाही. वाय-फाय सुरू झालेच तर कशाने झाले ते कळत नाही, आणि झाले नाही तर आता दोष पहिलाच उरला की नवा पडला, तेही कळत नाही.

'आरएफकिल' या आज्ञेचे उदाहरण घ्या. तिच्या यादीत दोन स्वतंत्र नोंदी असतात, सॉफ्ट ब्लॉक आणि हार्ड ब्लॉक. पहिला अडथळा आज्ञेने उठतो. दुसरा लॅपटॉपच्या कडेच्या खटक्याने किंवा तशाच एखाद्या यांत्रिक व्यवस्थेने लागलेला असतो, त्यावर आज्ञा चालत नाही. यादी न वाचता अडथळा उठवण्याची आज्ञा द्यायला सांगणारे टिपण विद्यार्थ्याकडून निरीक्षणाची संधीच काढून घेते.

दुसरी उणीव गृहीतकाची. 'इंटरनेटला तारेने जोडा आणि फर्मवेअर उतरवून घ्या' असे बिनदिक्कत लिहिलेले असते. ज्या घरी तारेचे ब्रॉडबँड नाही तेथे काय? फर्मवेअर बहुधा बंदिस्त असते, त्याचा मूळ कोड कंपनी देत नाही. म्हणून मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वाला धरून डेबियन ते आपल्या अधिकृत स्थापना-प्रतीत ठेवत नसे. ऑक्टोबर 2022 मध्ये सभासदांच्या मतदानाने हे धोरण बदलले आणि जून 2023 च्या डेबियन 12 पासून ते प्रतीतच येते. तत्त्वाचा आम्हांला आदर आहे. पण त्याची किंमत बराच काळ तार नसलेल्यांनी मोजली. जुनी प्रत हाती असेल तर आजही उपाय आहे : अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून त्यावर यूएसबी टेदरिंग सुरू करावे. लिनक्सला तो फोन तारेच्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो. त्याचा ड्रायव्हर कर्नलसोबतच असतो आणि वेगळे फर्मवेअर लागत नाही. तलवाड्याच्या शिक्षकाला उपयोगी पडेल असा हा उपाय टिपणांत पहिल्या ओळीत हवा. असलाच तर तो तळटीपेत असतो.

कधी चिप, ड्रायव्हर, फर्मवेअर सर्व ठीक असून फक्त एकच राउटर दिसत नाही. तेव्हा त्याचा चॅनेल पाहावा. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात 13 चॅनेल वापरता येतात, अमेरिकेत सर्वसाधारणपणे 11. लॅपटॉपची देश-नोंद भारताची नसेल आणि राउटर 13 वर असेल तर तो यादीत न येण्याची शक्यता असते. राउटर 6 वर आणून पाहिले की खरे-खोटे दोन मिनिटांत ठरते.

राहिला भाषेचा प्रश्न. सी-डॅकच्या 2007 मधील बॉस लिनक्सपासून ग्नोमच्या स्वयंसेवकांपर्यंत अनेकांनी लिनक्सचे मेनू मराठीत आणले. पण कर्नलची नोंदवही इंग्रजीतच राहते, तिच्या भाषांतराची सोयच नाही. परिणामी चुकवणारे वाक्य मराठीत आणि दोष सांगणारे इंग्रजीत, अशी वाटणी झाली आहे. वाय-फायसंबंधीच्या नेहमी येणाऱ्या दहाबारा ओळी, त्यांचा मराठी अर्थ आणि प्रत्येकीनंतर करायची एकच चाचणी, एवढा तक्ता संगणककक्षाच्या भिंतीवर लावणे अकरावीच्या विद्यार्थ्यांना एका आठवड्यात जमेल.