'श्यामा'चा अपराध कोणता?

दिवाळी अंकातल्या कादंबरीवर खटला भरावा आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावा, असा योग चंद्रकांत काकोडकर यांच्या 'श्यामा'च्या वाट्याला आला. १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात ती प्रसिद्ध झाली. दंडविधानाच्या २९२ व्या कलमाखाली फिर्याद झाली. खालच्या न्यायालयाने आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र लेखक आणि मुद्रक-प्रकाशक यांना दोषी धरून प्रत्येकी २५ रुपये दंड केला आणि अंकाच्या प्रती नष्ट करण्यास सांगितले. रक्कम क्षुल्लक, पण लेखकाच्या कपाळी बसलेला डाग क्षुल्लक नव्हता. १९६९ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुसला.

आता इतक्या वर्षांनी ही कादंबरी हाती घेणाऱ्याची पंचाईत अशी की, तो कथा वाचत नाही, खटल्यातली पाने शोधतो. ती सापडतात, आणि वाचक मनातल्या मनात म्हणतो, एवढेच होय? मग पुस्तक मिटले जाते. खटल्याने 'श्यामा'वर केलेला खरा अन्याय हा आहे. दंड माफ झाला, पण कथा म्हणून तिला कोणी वाचलेच नाही.

कथा म्हणून काय दिसते? निशिकान्त नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या नीला, वनिता आणि श्यामा या तिघी. नाव श्यामाचे, पण कथा निशिकान्ताची. त्याची तहान, त्याची तगमग आपल्याला कळते. तिघींच्या मनात काय चालले आहे, याचा ठाव मात्र मला तितकासा लागत नाही. माझी तक्रार असलीच तर एवढीच आहे. लेखकाने शरीराविषयी जास्त लिहिले असे मला वाटत नाही. बाईच्या मनाविषयी कमी लिहिले असे वाटते. पण हा दोष कोणत्या कलमात बसतो?

सर्वोच्च न्यायालयानेही कथेची वाङ्मयीन प्रत फार उंच मानली नाही; लेखकाची अपरिपक्वता आणि अनुभवाची उणीव तीत दिसत असेल, असे सुचवले. तरीही ती अश्लील नाही, असा निकाल दिला. मला या निकालातले हेच सर्वांत मोलाचे वाटते. याच न्यायालयाने १९६४ साली 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकणाऱ्या मुंबईच्या ग्रंथविक्रेत्याची शिक्षा कायम केली होती. लॉरेन्सचे पुस्तक अडकले आणि काकोडकरांचे सुटले, म्हणून काय काकोडकर लॉरेन्सपेक्षा थोर ठरले? न्यायालय पुस्तकाला जगू देते किंवा देत नाही. ते चांगले की वाईट, हे वाचकानेच ठरवायचे असते. आणि मधल्या दर्जाच्या पुस्तकालाही जगण्याचा हक्क हवा. केवळ श्रेष्ठ कृतींसाठी राखलेले स्वातंत्र्य हे स्वातंत्र्य नव्हे.

अशा खटल्यांत नेहमी कोवळ्या मुलांचे नाव पुढे केले जाते. मी त्याच मुलांना शिकवतो. आमच्या झाडीपट्टीत धानाची कापणी झाली की मंडईचे दिवस येतात आणि रात्रभर नाटके रंगतात. मधे एखादी झणझणीत लावणी असते. आई, आजी, पोरे एकाच सतरंजीवर बसून ती पाहतात, आणि सकाळी पोरे डोळे चोळत वर्गात येतात. त्यांचे काही बिघडलेले मला दिसले नाही. भामरागडकडच्या जुन्या माडिया बाया चोळी घालीत नसत. गावात त्याचे कोणाला काही नव्हते. बाहेरच्या माणसाचा कॅमेरा आला आणि जे वस्त्र होते ते 'दृश्य' झाले. अश्लीलता कुठे असते, अंगावर की नजरेत, हे जंगलातल्या माणसाला शिकवावे लागत नाही.

माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या 'श्यामा' मागितली, तर ती मी लपवणार नाही. वयाने थोडा मोठा झाला की देईन, आणि एकच प्रश्न विचारीन: या तिघींपैकी एकीने ही गोष्ट सांगितली असती, तर ती कशी झाली असती? या प्रश्नाने मूल बिघडत नाही, वाचक होते.

जुना दंडविधान २०२४ साली गेला. २९२ व्या कलमाचा आशय न्याय संहितेच्या २९४ व्या कलमात आला. क्रमांक बदलला, पण पुस्तक न वाचता त्यावर संतापणारी माणसे बदललेली नाहीत. त्यांना एवढेच सांगावे: आधी वाचा. मग खुशाल नावे ठेवा. नावे ठेवण्यासाठीसुद्धा पुस्तक शिल्लक राहावे लागते.