‘आपण’ आणि बालवाडी

बालवाडीतील नागरिकत्वाच्या शिकवणुकीसाठी मराठीत जी गाणी व गोष्टी लिहिल्या जातात, त्यांत एक उणीव आम्हांस वारंवार जाणवते. त्यांची भाषा बहुधा आज्ञार्थी असते : खरे बोला, रांगेत राहा, भांडू नका. सांगणाऱ्या बाई एकीकडे, ऐकणारी मुले दुसरीकडे. बंधुतेचा पाठ अशा वाक्यांतून कसा उतरावा?

वस्तुतः या कामी मराठीजवळ एक शब्द आयताच आहे. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हणताच तो आत येतो. (प्रस्तुत लेखकही रूढीने ‘आम्ही’च लिहीत आहे, हे वाचकांनी पाहिलेच असेल.) लहान मूल व्याकरण न शिकता हा भेद पाळते. रुसवा असताना ‘आम्ही तुला घेणार नाही’ म्हणते. रुसवा सरला की ‘चल, आपण खेळू.’ ‘झोपाळा आमचा’पासून ‘झोपाळा आपला’पर्यंतचा प्रवास हेच त्या वयाचे नागरिकशास्त्र होय.

ताराबाई मोडकांनी भावनगरास गिजुभाई बधेकांसमवेत गुजरातीत काम केले. 1945 मध्ये त्या बोर्डीस आल्या, 1957 मध्ये कोसबाडला. तेथे त्यांनी व अनुताई वाघांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ज्यांना सामावून घ्यावयाचे त्यांच्या दाराशी संस्थेने जावे, ही दृष्टी आमच्या बालवाङ्मयात अद्याप पुरती उतरलेली नाही.

मोहगावी प्रश्न अधिक नाजूक आहे. सौंसर-पांढुर्णा हा मराठीभाषी मुलूख 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मध्यप्रदेशात राहिला. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 350 क आला. भाषिक अल्पसंख्य मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याविषयी तो बोलतो, परंतु प्राथमिक टप्प्यापुरताच. बालवाडी त्याच्या उंबरठ्याबाहेर राहिली. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला तेथे ‘हम’ भेटतो, आणि त्यात ‘आम्ही’ व ‘आपण’ दोन्ही विरघळतात. तिकडच्या बोलचालीच्या हिंदीत ‘अपन’ आहे खरा. पुस्तकी हिंदी मात्र त्यास सहसा थारा देत नाही.

हिंदीशी आमचे वैर नाही. हजेरीपत्रक खुशाल हिंदीत असावे. झोपाळ्यावरचा तंटा मात्र मुलांना मराठीत मिटवू द्यावा, आणि बाईंनीही त्या वेळी ‘तुम्ही’ न म्हणता ‘आपण’ म्हणावे.