इशारा बुजवू नका, पाठ नीट बांधा

गोंदिया तालुक्यातील एखाद्या शिक्षकाने सारस पक्ष्यावर संगणकीय पाठ तयार केला आहे, असे समजू या. त्यात तळ्यांचा नकाशा आहे, पक्ष्याचा आवाज आहे, प्रश्नमंजूषा आहे आणि पाठ कसा वापरावा हे सांगणारी मदतीची पाने आहेत. सगळ्या एचटीएमएल फायली एकाच फोल्डरमध्ये आहेत. हा फोल्डर पेनड्राइव्हवरून सालेकसा किंवा देवरीच्या शाळेत गेला, की इंटरनेट नसतानाही तो चालला पाहिजे. पण नेमका तिथेच ब्राउझर आडवा येतो. कधी तो इशारा देतो, तर कधी अर्धेच पान दाखवून गप्प बसतो.

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे, 'सुरक्षेची सेटिंग कमी करा' किंवा 'विचारेल त्याला होय म्हणा'. हा सल्ला चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपल्याच संगणकातील फाईल परक्या संकेतस्थळापेक्षा सुरक्षित, असे आपल्याला सहज वाटते. इंटरनेट एक्सप्लोररही एके काळी तसेच मानत असे. डिस्कवरच्या पानाला तो जवळजवळ मोकळे रान देई. मग इंटरनेटवरील घातक पानालाच 'घरचे' पान म्हणून वागणूक मिळवून देण्याच्या युक्त्या निघाल्या. जून २००४ मधील 'डाउनलोड डॉट जेक्ट' हा हल्ला याच प्रकारचा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला आणि घरच्या पानांवर उलट अधिक कडक बंधने आली. पानात स्क्रिप्ट असली की ती अडवली जाई आणि वरच्या बाजूला पिवळी पट्टी दिसे.

या पट्टीवर एक साधा उपाय होता. पानाच्या सुरुवातीला एका ओळीची टीप घालायची, की हे पान इंटरनेटवरून आले आहे असे समजावे. मग ब्राउझर त्याला इंटरनेटच्या पानाइतकेच अधिकार देई, स्क्रिप्ट चाले आणि पट्टी येत नसे. यातील मर्म लक्षात घ्या. 'माझ्यावर विश्वास ठेवा' असे न म्हणता 'मला परकाच समजा' असे म्हटल्याने इशारा टळत होता! पानाने कमी अधिकार मागितले, म्हणून विचारण्याचे कारणच उरले नाही. हे काम पान बनवणाऱ्याचे होते. शिक्षकाला काहीच करावे लागत नव्हते.

इंटरनेट एक्सप्लोरर ११ जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, पण तत्त्व तेच आहे. आजचे क्रोम आणि फायरफॉक्स डिस्कवरील प्रत्येक फाईल स्वतंत्र, परकी मानतात. फायरफॉक्सने हा नियम २०१९ साली ६८व्या आवृत्तीत आणला. त्याआधी एक फाईल आपल्याच फोल्डरमधील शेजारची फाईल वाचू शकत असे. म्हणजे डाउनलोड झालेले एखादे लबाड पान त्याच फोल्डरमधील विद्यार्थ्यांची यादी वाचू शकले असते. म्हणूनच हे बंधन ढिले करणे धोक्याचे आहे.

ब्राउझरकर्त्यांचाही दोष आहेच. पूर्वीचा इशारा 'सक्रिय आशय' असे मोघम बोले. कोणती फाईल काय मागते, हे सांगत नसे. आताचा नकार तर मुकाच असतो, तो फक्त प्रोग्रामरच्या खिडकीत दिसतो. शिक्षकाला वाटते, पाठच बिघडला.

मग उपाय काय? पाठ बनवणाऱ्याने शक्यतो सर्व मजकूर, चित्रे आणि स्क्रिप्ट एकाच फाईलमध्ये बसवावे. कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' सिम्युलेशन्स अशाच एका एचटीएमएल फाईलच्या रूपात उतरवून घेता येतात आणि त्यांतील अनेक मराठीतही आहेत. ते जमत नसेल, तर चित्रे व आवाज नेहमीच्या पद्धतीने जोडावेत. प्रश्नांची माहिती मात्र वेगळ्या फाईलमधून वाचून न घेता स्क्रिप्टमध्येच लिहावी.

आणखी एक गोष्ट. इंटरनेटवरून आलेल्या फाईलवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवते. जुन्या सीएचएम मदतफायली कोऱ्या दिसतात, त्या बऱ्याचदा या खुणेमुळेच. पण बहुतेक पेनड्राइव्हच्या फॅट ३२ किंवा एक्सफॅट रचनेत ही खूण टिकत नाही. त्यामुळे पेनड्राइव्हवरून आलेली फाईल निमूटपणे उघडली, एवढ्यावरून ती निर्धोक ठरत नाही. ती कोणी बनवली आणि कोणाकडून आली, हे शिक्षकालाच विचारावे लागते.

दर वेळी 'लांडगा आला रे' ऐकून माणूस ऐकेनासा होतो. न वाचता 'होय' दाबण्याची सवय शाळेच्या संगणकावर लागली, तर विद्यार्थी तीच सवय पुढे बँकेच्या पानावरही नेतील. म्हणून ज्या पाठाच्या पहिल्या पानावर 'सुरक्षा बंद करा' अशी सूचना असेल, तो पाठ आशयाने कितीही चांगला असो, बनवणाऱ्याकडे दुरुस्तीसाठी परत पाठवावा.