अर्ध्या वाटेवरील अभिप्राय

कादंबरी समग्र वाचल्यावांचून तिच्याविषयीं मत देऊं नये, हा टीकाकारांचा जुना शिष्टाचार आहे आणि एरवीं तो पाळणेंच इष्ट. परंतु जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन कादंबरीकाराच्या अद्भुतरम्य कथामालेपुढें तो लटका पडतो. १९९६ सालीं सुरू झालेल्या या मालेचा पांचवा खंड, 'ए डान्स विथ ड्रॅगन्स', २०११ च्या जुलैंत प्रसिद्ध झाला. सहावा २०२४ अखेरपर्यंतही आलेला नव्हता. पांचवा खंड शेवटच्या पानापर्यंत वाचणारा वाचकही, तेव्हां, वस्तुतः वाटेवरच उभा असतो. म्हणून सुमारें १,००० पृष्ठांच्या या ग्रंथाचा निम्मा भाग वाचून झाल्यावर मनांत आलेले विचार मांडण्यास आम्हांस प्रत्यवाय दिसत नाहीं.

प्रथम प्रतीक्षेचें स्वरूप पाहिलें पाहिजे. २००५ सालच्या चौथ्या खंडाच्या वेळीं ग्रंथकारानें वाढलेल्या कथेचे दोन भाग केले, ते कालानुक्रमानें नव्हे, तर पात्रांच्या वांटणीनें. टिरियन, डेनेरिस आणि जॉन स्नो हीं बहुतांच्या आवडीचीं पात्रें मागें राहिलीं. त्यांची हकीकत पुढील वर्षीं देतां येईल अशी आशा ग्रंथाअखेर व्यक्त झाली. त्या एका वर्षाचीं सहा वर्षें झालीं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' 'करमणुकीं'तून हप्त्याहप्त्यानें वाचणाऱ्या आपल्या पूर्वजांनाही थांबावें लागे. पण तेथें पुढचा अंक केव्हां येणार हें ठाऊक असे. येथें अवधीच अनिश्चित. कित्येक वाचक रागावले, व तो राग समजण्यासारखा आहे. तथापि लेखकाचें देणें तारखेनें मोजणें योग्य नव्हे. विचारावयाचा प्रश्न असा कीं, लोटलेला काळ कलाकृतीच्या आंत उतरला आहे, कीं बाहेरच राहिला आहे?

जॉनच्या प्रकरणांत तो उतरला आहे. जॉन उत्तरेकडील प्रचंड भिंतीच्या रक्षकदलाचा प्रमुख झाला असून तो आपला मित्र सॅम यास दूर पाठवितो. चौथ्या खंडांत हा प्रसंग सॅमच्या दृष्टीनें आला होता, आणि तेथें जॉन कठोर, जवळजवळ परका वाटला होता. तोच प्रसंग, बहुतेक तेच संवाद, आतां जॉनच्या बाजूनें पुन्हां येतात. रानटी टोळ्यांच्या राजाच्या तान्ह्या मुलाचा अग्नींत बळी जाऊं नये, म्हणून गिली या मातेला स्वतःचें मूल मागें ठेवून तें परकें मूल नेण्यास तो भाग पाडतो, तेंही धमकी देऊन. अधिकार हातीं आलेल्या मनुष्यास दया करावयाची तरी कोणावर तरी क्रूर व्हावें लागतें, हें येथें उपदेशावांचून कळतें. ही पुनरुक्ति नव्हे. अर्थाची वाढ आहे.

याहूनही मोठें यश थिऑनच्या चित्रणांत आहे. आश्रयदात्यांचा विश्वासघात करून त्यांचा किल्ला बळकावणारा हा तरुण १९९८ च्या दुसऱ्या खंडानंतर प्रत्यक्ष दिसला नव्हता. येथें प्रकरणाच्या मथळ्यावर त्याचें नांवही नाहीं. छळकानें दिलेलें, दुर्गंधवाचक नांव आहे. अंधारकोठडींत उंदीर खाणारा हा जीव कोण, हें वाचकास हळूहळू उमगतें, आणि ज्याला शिक्षा व्हावी असें आपणच म्हटलें होतें, त्याची शिक्षा पाहवत नाहीं. मधलीं तेरा वर्षें त्या ओळखीस उपकारकच झालीं आहेत.

डेनेरिसचीं प्रकरणें अनेकांस कंटाळवाणीं वाटलीं. आमचें मत निराळें आहे. जुन्या अद्भुत कथांत राज्य मिळालें कीं कथा संपे. येथें राज्य मिळाल्यावर कथा सुरू होते. गुलामांना मुक्त करणाऱ्या या राणीस मीरीन नगरांत रात्रींचे खून थांबवितां येत नाहींत. एक बाप आपल्या मुलीचीं जळकीं हाडें दरबारीं आणतो, तेव्हां ती आपले दोन ड्रॅगन सांखळदंडांनीं बांधते. तिसरा सांपडतच नाहीं. ग्रंथाच्या नांवांत ज्यांचें नृत्य आहे, ते निम्म्या ग्रंथापर्यंत असे बंदिस्त किंवा बेपत्ता! वाचकाची अधीरता ही राणीचीच अधीरता आहे.

टिरियनच्या प्रवासाविषयीं मात्र असें म्हणवत नाहीं. नद्या, भग्न नगरें आणि पक्वान्नें यांचीं वर्णनें मागून वर्णनें येतात. मनुष्य मैलोगणती पुढें जातो, त्याचें मन मात्र पितृहत्येच्या त्याच त्या स्मरणाभोंवतीं घुटमळतें. बुद्धिमान् पात्राच्या विनोदावर विसंबून ग्रंथकारानें येथें काटछांट टाळली आहे. सहा वर्षांत लेखणी जितकी चालली, तितकी कात्री चालली नाहीं.

उशीर हा गुन्हा नव्हे. त्या उशिराचें फळ प्रत्येक प्रकरणांत मिळालेलें नाहीं, हा खरा आक्षेप. तरीही ज्याचें नांवसुद्धां हिरावलें गेलें, त्या थिऑनला तें परत मिळतें कीं नाहीं, हें जाणून घेण्यासाठीं उरलेला भाग आम्ही निःसंशय वाचणार आहों. आणि अर्ध्या वाटेवर कोणत्याही कादंबरीकडून वाचकानें याहून अधिक मागूं नये.